मदत हवी आहे: सगळी गर्दी फेरीबोटीच्या पानावर, खोल्यांचं पान ओस

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी,

गुहागरला सासऱ्यांच्या घरी आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. त्याची वेबसाइट मी पुण्यात बसून सांभाळते, तेही रात्रीची भांडी आवरल्यावर. काल पहिल्यांदाच गूगल अ‍ॅनालिटिक्स (साइटवर कोण येतं, काय बघतं ते मोजणारं साधन) नीट उघडून बसले आणि चक्रावले. गेल्या २८ दिवसांत सगळ्यात जास्त बघितलेलं पान 'दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या वेळा', ३,१४० व्ह्यूज. 'आमच्या खोल्या' फक्त १८६. आणि ज्या जेवणाच्या पानासाठी फोटो काढता काढता मोदक गार झाले, ते ४१!

फेरीचं पान मी असंच टाकलं होतं. दापोलीकडून येणाऱ्याला बोट मिळाली तर चिपळूणचा वळसा वाचतो, गाडीही चढवता येते, त्यामुळे पाहुणे सारखं वेळा विचारायचे. जेट्टीवरच्या बोर्डाचा फोटो काढून लावला, झालं. लोक त्या पानावर सरासरी २४ सेकंद थांबतात. भाचा म्हणाला, गिऱ्हाईक दारात आलंय, सोडू नको. म्हणून पान उघडताच 'खोली बुक करा' असा पॉप-अप लावला. दोन आठवड्यांत बुकिंग एक नाही, २४ सेकंदांचे मात्र १५ झाले.

आता मेहनत कुठल्या पानावर घेऊ? की फेरीचं पान काढूनच टाकू?

खाडीपलीकडचा

फेरीबोटीतच दोन खोल्या काढा. :)

आकडेमोड

पान काढू नका हो ताई! आधी तो पॉप-अप काढा. मोबाइलवर मजकूर झाकणारे असले पडदे गूगललाही खपत नाहीत, आणि जेट्टीवर गाडी रांगेत लावून वेळ शोधणारा माणूस तर शिव्याच घालेल.

२४ सेकंद ऐकून घाबरू नका. बोट कधी आहे एवढंच बघायचं असेल तर उत्तर मिळालं की माणूस जाणारच. बघायचं ते हे की कोण केव्हा येतंय. अ‍ॅनालिटिक्सच्या 'एक्सप्लोअर' या भागात, जिथे हवे ते तक्ते आपणच मांडता येतात, फक्त हे पान घ्या आणि वार व तास लावून बघा. शनिवारी सकाळी येणारे बहुतेक वाटेवर असतील, त्यांची राहायची सोय आधीच झालेली असणार. मंगळवार-बुधवारी रात्री येणारे बेत आखत असतील. तुमचं गिऱ्हाईक ते दुसरे. त्यांच्यासाठी वेळापत्रकाच्या खाली, वर नाही, दोन ओळी लिहा: धोपाव्याला उतरल्यावर गुहागरचा रस्ता कसा, शेवटची बोट चुकली तर काय करायचं, आणि मग खोल्यांची लिंक.

तिथेच सेटिंगमध्ये डेटा जपायची मुदत दोन महिन्यांची असेल, ती आजच १४ महिने करा. नाहीतर पुढच्या मे महिन्यात यंदाच्या मेशी अशी तुलना करायला हाती काही राहणार नाही. सर्च कन्सोल, म्हणजे लोक गूगलवर काय शोधून तुमच्या साइटवर येतात ते दाखवणारं गूगलचं साधन, १६ महिने मागचं दाखवतं, तोवर तिथे गेल्या सीझनचे शोधशब्द बघून घ्या.

बोर्डाचा फोटो किती एमबीचा आहे?

गुहागरची_सून

४.८ एमबी. 🙈 पॉप-अप काढला. वार-तासही लावून बघितले: शनिवारी ९ ते १२ उंच डोंगर, आणि बुधवार-गुरुवारी रात्री दहाच्या सुमाराला एक बारकी टेकडी. सर्च कन्सोलमध्ये 'दाभोळ फेरी गाडीचे दर' हा शब्द बराच दिसतो, आणि आमच्या पानावर दर नाहीतच!

आकडेमोड

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. वेळा आणि दर साध्या तक्त्यात टाइप करा. फोटोतला मजकूर सहज कॉपी होत नाही, रेंज कमी असली की उघडतही नाही. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे, ४.८ एमबीचा फोटो किनाऱ्यावरच्या नेटवर त्यात कुठला बसायला! 'वेळा अमुक तारखेला जेट्टीवर विचारून तपासल्या' हेही लिहा, पावसाळ्यात तर हवंच.

आणखी एक. बुकिंग फोनवर येतात ना? फोन नंबरच्या लिंकवरचे क्लिक अ‍ॅनालिटिक्स आपोआप मोजत नाही. टॅग मॅनेजर या गूगलच्याच साधनातून त्यासाठी वेगळा इव्हेंट, म्हणजे 'हा क्लिक मोज' अशी नोंद, लावावा लागतो. तुम्ही 'बुकिंग एक नाही' म्हणता ते कशावरून?

गुहागरची_सून

फॉर्मवरून! फॉर्म कोणी भरतच नाही, सगळे अण्णांनाच, म्हणजे सासऱ्यांना, फोन करतात. आत्ता त्यांना विचारलं. त्यांच्याकडे लाल वही आहे, त्यात प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे 'कुठून कळले' हा रकाना. एप्रिलपासूनची पानं सासूबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. अकरा पाहुण्यांपुढे अण्णांच्या अक्षरात लिहिलंय, 'बोटीचे टायमिंग बघताना'.

फोनचा इव्हेंट लावायला बसते आहे. अडले तर इथेच विचारते.