शब्दचर्चा : ‘कळतं पण वळत नाही’ यात वळायचं काय असतं?

प्रश्न :
स्वतःत सुधारणा करण्याबद्दल वाचलेलं-ऐकलेलं रोजच्या वागण्यात कसं यावं, यावर एक टिपण लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. ‘अंमलात आणणे’, ‘आचरणात आणणे’, ‘अंगी बाणवणे’, ‘अंगवळणी पाडणे’ हे सगळं एकच का? आणि ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतो तेव्हा वळायचं नेमकं काय असतं?

प्रतिसाद :
एकच नाही. ‘अंमल’ अरबी ‘अमल’वरून आला, मूळ अर्थ कृती. मराठीत मात्र त्याला सत्तेचा वास लागला. अंमलदार, अंमलबजावणी, पेशव्यांचा अंमल. नशेचासुद्धा अंमलच चढतो. अंमलात येतो तो हुकूम, कायदा, ठराव. ठरवणारा एक आणि राबवणारा दुसरा, असं काहीतरी त्यात असतं. स्वतःच्या बाबतीत वापरला की आपणच आपल्याला परिपत्रक काढल्यासारखं वाटतं. ‘आचरणात’ नीती डोकावते. सत्य, अहिंसा आचरणात आणतात. पाठ ताठ ठेवून बसणं कुणी आचरणात आणत नाही.

‘बाणणे’ गुणांचं. नम्रता, शिस्त अंगी बाणते. अंगवळणी पडतं ते काम, आणि गैरसोयही! रात्रपाळी अंगवळणी पडते, पण ‘प्रामाणिकपणा अंगवळणी पडला’ हे कानाला खटकतं.

खरी गंमत पुढे आहे. पडणे, बाणणे, मुरणे, भिनणे, वळणे ही सगळी अकर्मक क्रियापदं. ‘मी वळत नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘मला वळत नाही’ म्हणतात. शेवटच्या पायरीवर मराठी ‘मी’ला बाजूला बसवते. ‘मी’ येतो तो त्याच्या आधी : मी नेम धरतो, सवय लावून घेतो, सराव करतो, परिपाठ ठेवतो. टिपणात वाचकाला काही करायला सांगायचं असेल तर ही दुसरी क्रियापदं वापरा. ‘अंगी बाणवा’ म्हटल्यावर त्याने सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं?

राहिलं ‘वळणं’. अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावतात, वळणाचं पाणी वळणानेच जातं. माझ्या मते इथे मन किंवा अंग असं एखादं काही वळत नाही, वागण्याची पडलेली दिशाच वळायची असते.

प्रतिसाद :
यात ‘अभ्यास’ कसा राहिला? त्याचा जुना अर्थच मुळी पुन्हा पुन्हा करणं. ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ यात काही वाचन अभिप्रेत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातही ‘म्हणौनि अभ्यासासि कांहीं । सर्वथा दुष्कर नाहीं’ आहे. योगसूत्रांत (१.१४) तर अटीही दिल्यात : दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने. आज ‘अभ्यास झाला’ म्हणजे वाचून झालं. करण्याचा भाग गायकांनी रियाज म्हणून नेला, खेळाडूंनी सराव म्हणून, पैलवानांनी तालीम म्हणून. त्यामुळे टिपणात नुसतं ‘अभ्यास करा’ लिहिलंत तर वाचक आणखी एक पुस्तक आणेल.

प्रतिसाद :
फक्त एक विनंती. ‘२१ दिवसांत अंगवळणी’ असं लिहू नका. ते खूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरलं. त्याचं म्हणणं होतं, रुग्णांना बदललेला चेहरा आपला वाटायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. पुढे किमान गळलं आणि २१ उरले. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. नवी गोष्ट आपोआप व्हायला त्यांत साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज निघाला. एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. आपल्याकडे त्यासाठी दोन क्रियापदं आहेतच. नेम चुकतो तो एका दिवसापुरता. मोडतो तो कायमचा. लोक चुकलेल्यालाच मोडलेला समजतात, ही खरी अडचण.

मूळ प्रश्नकर्ती :
चुकणं-मोडणं फार आवडलं. माझ्याच वहीतली यादी देते : ‘नियमित वाचन. राग आवरणे. मोबाइल कमी वापरणे.’ बरेच दिवस तशीच आहे.

प्रतिसाद :
अहो, तुमच्या यादीत क्रियापदच नाही! ‘वाचन’ नाम, ‘आवरणे’ म्हणजे नामासारखंच. कोण, कधी, कशानंतर, काहीच नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलं होतं की नुसत्या हेतूपेक्षा ‘अमुक प्रसंग आला, तर अमुक करीन’ असं आधी ठरवलेलं जास्त पार पडतं. मराठीत लिहिताना मात्र ‘तर’ टाळा. ‘वेळ मिळाला तर वाचेन’ यात पळवाट आहे. ‘पाऊस पडला तर’ आणि ‘पाऊस पडला की’ यांतला फरक बघा; ‘की’ला शंकाच नाही. म्हणून : ‘दात घासून झाले की दोन पानं वाचते.’ रागाचं : ‘आवाज चढल्याचं जाणवलं की वाक्य अर्ध्यावर सोडून पाणी प्यायला उठते.’ ‘वाचेन’पेक्षा ‘वाचते’ बरं, हे माझं वैयक्तिक मत. भविष्यकाळात चालढकलीला फार जागा असते.

प्रतिसाद :
आणि रीती भूतकाळात तर आपण सगळेच महान. ‘मी रोज पळायचो!’

मूळ प्रश्नकर्ती :
मोबाइलचं काय? ‘की’ बसत नाहीये.

प्रतिसाद :
‘कमी’ची वेळ येत नाही, म्हणून बसत नाही. त्या जागी एखादी उघड करता येणारी कृती घाला : ‘झोपायला निघाले की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावते.’

आणि ‘अंगवळणी पाडणे’बद्दल विचारलं होतंत. चूक नाही, पण बोलण्यात ‘पाडून घेणे’ जास्त ऐकू येतं. मी तेच लिहीन.