डिस्कचा यूयूआयडी (ओळखक्रमांक) बदलल्यावर डेबियन (लिनक्स प्रणाली) सुरू होत नाही

प्रश्न (म्हापसा): नव्या डिस्कवर जुनीची हुबेहूब प्रत घेतल्यावर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहिला, म्हणून मी नव्या डिस्कचा बदलला, आता संगणक इनिटरामएफएसच्या (सुरू होतानाच्या तात्पुरत्या प्रणालीच्या) काळ्या पडद्यावर अडकतो. आमच्या वाचनालयाची सारी पुस्तकनोंद त्यात आहे. काय करावे?

उत्तर (फोंडा): घाबरू नका, यूयूआयडी बदलल्याने नोंदी पुसल्या जात नाहीत, ग्रब (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि एफएसटॅब (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची यादी) जुनाच क्रमांक शोधत आहेत, एवढेच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून प्रणाली थेट चालते) संगणक सुरू करून ब्लकआयडी या आदेशाने नवा क्रमांक पाहा, रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य प्रणाली असलेला भाग) माउंट करा, म्हणजे जोडा, त्यात डेव्ह, प्रॉक व सिस हे प्रणालीचे फोल्डर जोडून क्रूट करा, म्हणजे त्या प्रणालीच्या आत शिरा, एफएसटॅब सुधारा आणि मगच अपडेट-ग्रब चालवा. क्रमांक हाताने लिहू नका, कॉपी करा.

उत्तर (मडगाव): त्याच क्रूटमध्ये ग्रब-इन्स्टॉलही करावे. स्वॅपचा (मेमरीला पूरक डिस्कभागाचा) क्रमांक बदलला असल्यास तो क्रमांक नोंदवणारी रिझ्यूम फाइल सुधारून अपडेट-इनिटरामएफएस चालवावे.

प्रश्नकर्ता: सुरू झाला! नोंदवही जशीच्या तशी आहे. मनापासून आभार.