मदत हवी आहे: ककाटूच्या मादीची पिल्लं, पण बाप अगासिझी?

ककाटू आणि अगासिझी या एपिस्टोग्रामा (थोडक्यात एपिस्टो) नावाच्या छोट्या माशांच्या दोन वेगळ्या जाती. टँकमध्ये २३ पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची, जेमतेम सेंटीमीटरभर. ती संकरित आहेत अशी मला भीती वाटतेय. खात्री कशी करायची आणि पुढे काय करायचं, दोन्हींसाठी मदत हवी आहे.

टँक तीन फुटी, साधारण १९० लिटर. आरओचं पाणी मिसळून पीएच ६.६, तापमान २७, तळाला बारीक वाळू आणि बदामाची वाळलेली पानं. निऑन टेट्रांचा थवा, चार ऑटो (शेवाळ खाणारे छोटे मासे), आणि एपिस्टोग्रामा ककाटुओइड्सची, म्हणजे ककाटूची जोडी. मार्चमध्ये झाकणाच्या फटीतून उडी मारून ककाटूचा नर गेला. नंतर मला अगासिझीचा नर फार आवडला म्हणून आणला. त्याची मादी दुकानात नव्हती. दोन जातींचे एपिस्टो एकत्र ठेवू नयेत हे वाचलं होतं, पण एकेकटेच आहेत, राहतील, असं वाटलं.

जूनच्या सुरुवातीला मादी हळदीसारखी पिवळीधमक झाली आणि नारळाच्या करवंटीतून बाहेरच येईना. टॉर्च मारून पाहिलं तर आत छताला लालसर अंडी. ती वाया जाणार असं धरून चालले होते, पण तिसऱ्या दिवशी फुटली आणि आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागली. निऑन जवळ आले की मादी पोटाखालचे काळे पर झटकते, आणि त्या क्षणी सगळी पिल्लं वाळूवर बसून दिसेनाशी होतात. इतकी चांगली आई मी आजवर पाहिली नाही, म्हणून जीव जास्तच तुटतो.

एका ओळखीच्यांनी सुचवलं की जुन्या नराचं बीज मादीने साठवलं असेल. मला ते पटत नाही. सिक्लिडमध्ये (एपिस्टो याच कुळातले) अंडी बाहेर घातल्यावर फळतात, साठवणार कुठे? म्हणजे बाप अगासिझीच. शंका एकच उरते: मादी खरंच ककाटूची आहे ना? दुकानदाराने जोडी म्हणून दिली होती, पण एपिस्टोच्या माद्या मला अजून सारख्याच वाटतात.

दुकानदार पिल्लं घ्यायला तयार आहे. पण तिथे ती कुठल्या नावाने विकली जातील?

प्रतिसाद १
ताई, मादीची जात आधी पक्की करा. अंगावरून जाणारा काळा पट्टा बघा. अगासिझीत तो शेपटीच्या परातून थेट टोकापर्यंत जातो. ककाटूत शेपटीच्या मुळाशी संपतो, आणि त्याखाली पोटावर फिकट रेघांच्या ओळी असतात. ती पिल्लांवर असताना रंग बदललेला असतो, तेव्हा नको, खायला पुढे येते तेव्हा बघा. पिल्लांवरून आत्ता काही कळणार नाही. नरांच्या शेपटीचा आकार यायला तीन-चार महिने लागतील: ककाटूची दोन टोकांची, अगासिझीची भाल्यासारखी. मधलंच काही निघालं तर संकर समजा.
संकर निघाला तर कृपा करून कुणालाही देऊ नका. दोन पिढ्यांनी ती कुणाच्या तरी टँकमध्ये 'ककाटू' म्हणून वाढतील आणि ककाटूचा तो वंश कायमचा बिघडेल. नदी-तळ्यात सोडणं तर नकोच.

धागाकर्ती
दादा, खूप आभार. आज आर्टिमिया (बारीक कोळंबीसारखं खाद्य) देताना नीट पाहिलं. पट्टा मुळाशी थांबतो, खाली तीन रेघा आहेत. मादी ककाटूचीच.
पिल्लं देणार नाही, असं दुकानदाराला फोन करून सांगितलं. अगासिझीला उद्या मैत्रिणीकडच्या टँकमध्ये हलवतेय. पिल्लांसाठी माळ्यावरचा दोन फुटी टँक काढला आहे, २३ च्या २३ माझ्याकडेच राहतील. आता एवढंच सांगा: अशा पिल्लांना पुढे आपापसात अंडी होतात का? कुणी वाढवली असतील तर लिहा. नर-माद्या वेगळ्या कराव्या लागणार असतील तर मला दुसऱ्या टँकची सोय आत्तापासून बघावी लागेल.