मदत हवी आहे: कारखाना खरंच बंद पडला की फक्त नमुन्यातून गळला?

एएसआयच्या (केंद्र सरकारच्या उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणाच्या) १९९८-९९ पासूनच्या कारखानानिहाय आकड्यांवरून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात किती कारखाने आले, किती गेले हे मोजायचं आहे. आलेले कळतात, कारण उत्पादन सुरू झाल्याचं वर्ष फॉर्ममध्येच असतं. अडचण गेलेल्यांची आहे. मोठे कारखाने सेन्सस विभागात दरवर्षी मोजले जातात, छोटे मात्र नमुन्यात आले तरच दिसतात. आकड्यांत पुन्हा न दिसलेला प्रत्येक कारखाना-क्रमांक बंद धरला, तर छोट्यांचं बंद पडण्याचं प्रमाण भलतंच फुगतं. त्यात कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेखाली गेली की युनिट नोंदीतून बाहेर पडू शकतं, शटर उघडं असूनही. पुण्याजवळच्या भोसरीतल्या छोट्या गाळ्यांचा विचार करताना हे फार महत्त्वाचं आहे.

सेन्सस विभागापुरतंच मोजावं असा माझा कल आहे. पण त्या विभागाची कामगारमर्यादाही मध्ये बदलली आहे. ती मालिका तुम्ही कशी जुळवता?

दुसरं, भोसरीतली कंपनी जुनी शेड बंद करून चाकणला गेली, तर आकड्यांत एक कारखाना मिटतो, एक उगवतो, कंपनी तीच. अशी स्थलांतरं वेगळी काढायला एमआयडीसीच्या भूखंड हस्तांतरणाच्या नोंदी कुणी वापरल्या आहेत का?