मुंबई–नेवार्क विमानात दोन लहान मुलं, मी एकटी

प्रश्न: थेट विमान आहे, साधारण सोळा तासांचं. मुलगी ४ वर्षांची, मुलगा २ चा. नवरा आधीच तिकडे गेलाय. मुलाला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. काय न्यावं?

उत्तर १: मास्किंग टेप! समोरच्या ट्रेवर रस्ते चिकटवा, छोट्या गाड्या फिरवू द्या. मग तो टेप सोलून काढणं हाच दोन वर्षांच्या मुलाचा खेळ. चिकटतो, पण डाग राहत नाही. बारीक मणी, लेगो मात्र नको. सीटखाली गेलं की रडारड. आणि सगळी खेळणी एकदम दाखवू नका हो, तासातासाने एकेक काढा.

उत्तर २: खाऊसुद्धा खेळच. आम्ही कप्प्यांच्या डब्यात चुरमुरे, मनुका, खाकऱ्याचे तुकडे भरतो. एकेक वेचून खाण्यात बराच वेळ जातो. विमान उतरायला लागलं की धाकट्याला घोट घोट पाणी पाजा. गिळताना कानातला दाब मोकळा होतो. झोपला असेल तर उतरण सुरू होताच उठवा.

उत्तर ३: आजीच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून न्या, मोबाइल फ्लाइट मोडवरही चालतात. माझी लेक त्या ऐकतच झोपते. लहान मुलांचे हेडफोन घरूनच घ्या, विमानातले डोक्यावरून घसरतात.

प्रश्नकर्ती: आईला आजच रेकॉर्डिंगला बसवते! खाकरा किती मसाल्याचा चालेल?

उत्तर २: साधा, जिऱ्याचा. तिखटाने तहान लागते.