मालगाडीचा डबा घरीच बनवायचाय, सुरुवात कुठून करू?

परभणीकर: मंडळी, मोठ्या स्केलचा (खऱ्याच्या प्रमाणात लहान केलेला) मालडब्याचा मॉडेल बनवायलोय, आपल्याकडची जुनी मीटरगेज गाडी डोक्यात आहे पण स्केल कोणतं धरावं तेच कळंना. घरी सनबोर्ड (फोमची कडक शीट) अन् भावाची ड्रिल, बस.

जुना पूर्णाकर: मीटरगेजच धरा भाऊ, गणित सोपं. दोन रुळांमधलं अंतर 45 मिमी असलेला तयार रूळ अन् 1:22.5 स्केल, म्हणजे खऱ्याच्या 22.5 पट लहान. मीटरगेजच्या रुळांमधलं अंतर 1000 मिमी, त्याला 22.5 नं भागा, 44.4 येतंय. ब्रॉडगेजचे 1676 मिमी 1:32 ला करायला गेलात तर 52 च्या वर जातंय, रूळ स्वतःच बनवत बसावं लागंल. पहिला डबा चार चाकीच करा, बोगीच्या (डब्याखालच्या फिरत्या चाकगाड्याच्या) नादी लागू नका.

नांदेडवाला: चाकं विकतच घ्या, दोन चाकांमधलं आतलं अंतर साधारण 40 मिमी पाहिजे. मी लेथवर करून घेतली तर एक वाकडं निघालं, त्यात दोन्ही एक्सल (चाकं जोडणारे दांडे) घट्ट बसवलेले, वळण आलं की डबा खाली! मग एक एक्सल मधोमध खिळ्यावर डुलता ठेवला तवा कुठं थांबलं. अन् सनबोर्ड मे महिन्यात गच्चीवर ठेवून बघा, पापड होतोय.

परभणीकर: मग खालची फ्रेम प्लायची करू?

जुना पूर्णाकर: हो, 6 मिमी चालंल. आधी कागदावर मॉडेलच्या पूर्ण मापात काढा.