लेकीच्या मराठी-जर्मन शब्दांत हाताच्या खुणा धरायच्या का?

आम्ही म्युनिकला राहतो. मी लेकीशी फक्त मराठीत बोलते, नवरा जर्मनमध्ये. ती २० महिन्यांची आहे. तोंडाने मोजकेच शब्द येतात: आई, भूभू, काऊ, मम्मं, आणि जर्मनमधले 'बाल' (चेंडू), 'नाइन' (नाही). हातांनी मात्र खूप सांगते. दूध हवं असलं की मुठीची उघडझाप, आणखी हवं असलं की दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकं एकमेकांवर टेकवते, पुरे झालं की तळवे फिरवते. परवा कावळा उडून गेल्यावर 'काऊ' म्हणाली आणि लगेच 'आणखी'ची खूण केली. मला तर ते वाक्यच वाटलं!

पुढच्या महिन्यात तिची यू-७ तपासणी (जर्मनीत दोन वर्षांच्या सुमारास होणारी मुलांची आरोग्य आणि वाढीची तपासणी) आहे. दोन वर्षांच्या सुमारास ५० शब्दांचा निकष सगळीकडे सांगतात. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे हे ठाऊक आहे. खुणांचं काय? डॉक्टरांना मराठी येत नाही, म्हणून यादी लिहून नेणार आहे. त्यात खुणा वेगळ्या दाखवू की शब्दांसोबतच?

सासूबाई म्हणतात, खुणा बंद करा म्हणजे बोलेल. मला हे पटत नाही. 'चप्पल आण' म्हटलं की आणते, जर्मनमध्ये सांगितलेलंही तिला कळतं. खुणा थांबवल्या तर ती चिडेल, एवढंच होईल.

ज्यांची मुलं अशी दोन भाषांत वाढली, त्यांनी कृपया सांगा: शब्द वाढल्यावर खुणा आपोआप सुटल्या का? स्पीच थेरपिस्टकडे कधी गेलात? आणि कानांची तपासणी आत्ताच करून घेऊ का?